चौसष्टावं पान

"मॅडम, अंकांच्या पुस्तकातलं चौसष्ट नंबरचं पान नापास होतंय."

मी तेव्हा चष्मा पुसत होते. चष्म्याशिवाय दारात कोण उभं आहे ते मला दिसत नाही, नुसता आकार कळतो. पण आवाज ओळखला. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची ती केस बारीक कापलेली मुलगी, जिला वर्गातले सगळे 'शंका' म्हणतात. काच स्वच्छ झाली होती तरी मी पुसतच राहिले.

"नापास म्हणजे?"

"काई-वर्ग कसोटीत नापास. तेवढं चालेल, तुम्हीच सांगता ना, शंभर पानांत पाच नापास व्हायलाच हवीत म्हणून. थोरल्या सरांची गोष्ट. पण मी गंमत म्हणून जोड्या मोजल्या. म्हणजे लागोपाठ तोच अंक येतो ना, चार-चार, सात-सात, तशा. पानावर अडीचशेच्या आसपास हव्यात. एकशे बाराच आहेत."

"मोजताना चुकलं असेल."

"कॉम्प्युटरने मोजल्यात, मॅडम."

"मग भरताना."

"दोनदा भरलं. एकदा मी, एकदा हिनं." तिच्या मागे आणखी एक मुलगी होती, तिनं मान डोलावली. "प्रमाण विचलन पंधरा येतं. म्हणजे नऊपट खाली! हे पान कुणीतरी डोक्यातून लिहिलंय, मॅडम. पोत्यात हातच घातलेला नाही." आणि ती हसली, वर्गात एखाद्याची चोरी पकडल्यावर मुली हसतात तशी, मजेत, कुणाचं काही बिघडणार नाही अशा खात्रीनं.

ठेवून जा, बघते, असं मी म्हटलं. त्या गेल्या. त्यांच्या चपला जिन्यावरून उतरेपर्यंत मी ऐकत होते. मग चष्मा घातला. टेबलावर त्यांचा कागद होता, खाली विभागाच्या इतिहासाचं माझं प्रकरण पहिलं: 'विभागाची स्थापना एका भाड्याच्या खोलीत झाली. दोन टेबलं, हाताने फिरवायची तीन गणनयंत्रं आणि एक फळा एवढ्यावर' आणि पुढे वाक्य थांबलं होतं, कारण मी चष्मा पुसायला घेतला होता. एवढ्यावर काय? मला ते वाक्य पुरं करता येईना. पायांचे तळवे गार पडले होते. मोजे घातलेले असताना तळवे गार पडतात हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

पान मी लिहिलं. आधी एवढंच सांगून टाकते, म्हणजे ते सांगायचं भय उरणार नाही. पण उरलंच. सदतीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांची असताना, याच इमारतीत, तळमजल्यावर जिथे आता सायकली लावतात त्या खोलीत. थोरल्या सरांना, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुखांना, विभागाचं स्वतःचं यादृच्छिक, चिठ्ठ्या टाकून यावेत तशा अंकांचं पुस्तक हवं होतं. परदेशातलं पुस्तक मागवलं की यायला वर्ष लागे, आणि सर म्हणत, दुसऱ्याच्या फाशांनी आपण किती दिवस खेळायचं? म्हणून एका सुताराकडून सारखे दहा लाकडी चेंडू करून घेतले, शून्य ते नऊ आकडे कोरून. असे चार संच, चार पोती, चार जोड्या माणसं. एकानं पोतं तीनदा हलवायचं, हात घालून चेंडू काढायचा, आकडा ओरडायचा, चेंडू दाखवायचा, परत टाकायचा, दुसऱ्यानं लिहायचं. एका पानावर पन्नास ओळी, ओळीत पन्नास अंक. अडीच हजार वेळा हलवा, काढा, ओरडा, दाखवा, टाका. पान पुरं व्हायला दिवस मावळायचा. कान बधिर व्हायचे. माझ्या जोडीला शिपाईमामा होते. त्यांना पाच म्हणताना 'प्पाच' म्हणायची सवय होती आणि तो ठोका घरी जेवतानाही कानात बसायचा. काय करता गं तुम्ही तिथे, असं आई विचारायची. आकडे लिहिते, म्हणायचे मी. कशाचे? कशाचेच नाहीत. म्हणजे बिनकामाचे? आईला मी समजावून सांगायचे की ज्यांना काहीच अर्थ नाही असे आकडे मिळणं फार अवघड असतं, म्हणून ते फार कामाचे. आई म्हणायची, तुझ्या सरांना म्हणावं आमच्याकडे या, तुझे बाबा दिवसभर असंच बोलतात, तेही फुकट.

त्या दिवशी आधीचं पान लांबलं, नवं दुपारी सुरू झालं, आणि मामांचं मनगट सुजलं. चौथ्या ओळीवर ते म्हणाले, "ताई, आता हात पोत्यात घातला तर तिथेच राहील." मी म्हटलं, जा तुम्ही, उद्या करू. ते गेले. पण उद्या सकाळी ते पान सरांकडे तपासायला जायचं होतं, आणि साडेपाचला बहीण सिनेमाच्या दाराशी दोन तिकिटं घेऊन उभी राहणार होती. एवढंच कारण. मी पुष्कळ वर्षं त्याहून मोठं कारण शोधलं. सापडलं नाही. पोतं एकटीनं हलवून, काढून, लिहून पाहिलं. एका ओळीला पंधरा मिनिटं लागली. मग मी पोतं बाजूला ठेवलं आणि लिहायला लागले. सात, दोन, नऊ, चार, शून्य, सात, एक, आठ, तीन, सहा. सोपं होतं. भराभरा येत होतं. चार आल्यावर पुन्हा चार लिहायला हात धजेना, कारण ते ठरवून लिहिल्यासारखं दिसलं असतं. शून्य अंकासारखं वाटेना. सात मात्र वाटे. पावणेपाचला पान पुरं झालं. सिनेमा चांगला होता. मध्यंतरात बहीण म्हणाली, "तुझी बोटं अजून हलतायत बघ."

मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं, पुन्हा उघडून पाहिला, पुन्हा लावलं. तेवढ्यात विभागप्रमुख डोकावला. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. उंची मध्यम, अंगानं मध्यम, मार्क कायम वर्गाच्या मधोमध, म्हणून त्याला तेव्हापासून 'सरासरी' म्हणतात आणि तो ते बिरुदासारखं मिरवतो.

"बाई, पुढच्या शुक्रवारी मजकूर छापायला गेला नाही ना, तर मी तुमच्या घरी येऊन बसेन. जेवायलासुद्धा तिथेच."

"होतंय."

"होतंय हा शब्द या महिन्यात चौदाव्यांदा ऐकला. कल चढता आहे." तो खुर्चीच्या हातावर टेकला. "आणि पाच नापास पानांची गोष्ट पहिल्याच प्रकरणात घ्या. प्रकाशन समारंभात कुलगुरू तीच सांगणार आहेत. आमच्याकडून लिहून मागितलीय."

"ती गोष्ट काढावी म्हणते."

"काढावी?" तो खरोखर दचकला. "बाई, तीच तर आपली अब्रू. भाड्याची खोली आणि हाताची यंत्रं सगळ्यांकडेच होती हो. ही गोष्ट फक्त आपल्याकडे आहे." मग आवाज उतरवून, "ती शंका आली होती का तुमच्याकडे? माझ्याकडेही येऊन गेली. म्हटलं, छापखान्यात खिळे खालीवर झाले असतील. आता कोण वापरतंय ते पुस्तक?"

"तेव्हा वापरत होते."

"तेव्हाचे तेव्हा गेले, बाई," तो म्हणाला आणि उठला. दारात वळून, "तुमची तब्येत बरी आहे ना? पांढऱ्या दिसताय."

गोष्ट अशी. मी ती तीस वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात सांगितली आहे, हातवारे करून, सरांचा आवाज काढून. पुस्तक छापायला देण्याआधी थोरल्या सरांनी शंभरच्या शंभर पानं तपासली. प्रत्येक पानावर शून्य किती, एक किती, दोन किती, हे मोजून काई-वर्ग काढला. पाच टक्क्यांच्या पातळीवर पाच पानं नापास झाली. बरोबर पाच! लोक म्हणाले, सर, ती पाच फेकून द्या, नवी करू. सर म्हणाले, वेडे आहात, शंभरात पाच नापास व्हायलाच हवीत. ती पाच फेकली तर उरलेली पंचाण्णव खोटी होतील. नशिबाला शिस्त लावायला निघालात काय? आणि पाचही पानं तशीच छापली. इथे वर्ग हसतो आणि मग गप्प होतो, कारण त्यातलं खोल काहीतरी मुलांना पोचतं. दर वर्षी पोचतं. मला ते पोचताना दिसतं. आणि दर वर्षी, अगदी त्याच क्षणी, मी फळ्याकडे वळते. का वळते हे मी स्वतःला विचारत नसे. फळा पुसत असे.

गोष्टीचा जो तुकडा मी कधी सांगितला नाही तो असा. सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पान होतं. "हे तुझं ना?" हो सर. "नापास झालंय. साडेएकोणीस. सात फार आलेत, शून्य कमी." सर माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, कळलंय यांना. आता विचारतील, मी सांगेन, रडेन, ते रागावतील, आणि संपेल. मी सांगायला तोंड उघडलंसुद्धा. आणि सर हसले. सर क्वचित हसत, त्यामुळे हसले की चेहरा अनोळखी होई. "छान!" म्हणाले. "मी वाटच बघत होतो. चारच झाली होती गं. हे पाचवं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. तोंड मी मिटलं. त्यांच्या तत्त्वात माझ्या लबाडीला बरोबर मावेल एवढी जागा होती, आणि ती जागा त्यांनी स्वतः उठून मला दिली. जोड्या मोजायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. हातानं अडीच लाख अंकांच्या जोड्या कोण मोजणार?

संध्याकाळी घरी जाताना बसच्या पाट्यांवरचे आकडे मला सोडीनात. एकशे चौदा. एक-एक, जोडी. दोनशे सात, जोडी नाही. समोर बसलेल्या माणसाच्या हातात पाकीट होतं, त्यावरचा फोन नंबर: तीन-तीन, आठ-आठ. जग जोड्यांनी भरलेलं आहे. खरं जग सारखं तेच ते लागोपाठ काढतं आणि त्याला लाज वाटत नाही. मीच तेवढी चारानंतर चार लिहायला भ्याले. माणूस माझ्याकडे बघायला लागला, कारण मी त्याच्या पाकिटाकडे टक लावून ओठ हलवत होते. मी खिडकीबाहेर पाहिलं. काचेत बस होती, दिवे होते आणि मध्ये एक म्हातारी होती.

घरी भाची काम करत होती. बहिणीची मुलगी, तेहतीस वर्षांची; बहीण गेल्यापासून आम्ही दोघी. पुस्तकांचा मजकूर टाइप करून पानं लावून द्यायचं काम ती घरीच करते आणि विभागाचा इतिहासही तीच करते आहे: मी हातानं लिहिते, ती टाइप करते. पाठमोरी असली की माझं येणं तिला कळत नाही. खांद्याला हात लावावा लागतो. तोही हळू, नाहीतर दचकते. उजव्या कानाला काहीच ऐकू येत नाही, डाव्याला यंत्र लावून थोडं. बाकी ती ओठ वाचते. चार वर्षांची असताना ताप आला, दहा दिवस इंजेक्शनं झाली, ताप उतरला. महिन्याभरानं बहिणीच्या लक्षात आलं की हाक मारली तरी पोर वळत नाही. कुणी म्हणालं तापानं गेलं, कुणी म्हणालं इंजेक्शनानं. त्या काळी त्या तापाला तेच इंजेक्शन देत, सगळीकडे, सगळ्यांना, कारण आमच्या मोठ्या रुग्णालयात त्याची रीतसर चाचणी झाली होती. इंजेक्शन आणि तोंडानं घ्यायची पूड. इंजेक्शन जिंकलं. चाचणीचं गणित आमच्या विभागानं केलं होतं. प्रकरण चौथं, 'समाजासाठी विभाग': शेतांचे वाफे, दिव्यांच्या कारखान्याचे नमुने, घरोघरची पाहणी, आणि बालरुग्ण.

"आज लवकर?" तिनं विचारलं. तिचा आवाज जरा सपाट आहे, शब्दांच्या कडा घासल्यासारख्या.

"डोकं दुखतंय."

"तुझ्या प्रकरणात 'एवढ्यावर' नंतर काहीच नाही. एवढ्यावर काय?"

"लिहिते."

"लवकर लिही. तुमचा सरासरी मला दिवसातून तीनदा विचारतो. आज म्हणाला, तुमच्या मावशींना ओलीस ठेवा."

मी हसले. हसताना तोंड हाताने झाकलं, तर ती म्हणाली, "हात काढ, दिसत नाही." तिच्याशी बोलताना चेहरा लपवता येत नाही. ही सवय लागायला मला वर्षं लागली होती आणि आज ती मोडावीशी वाटत होती.

आता मी नीट विचार करून पाहिला. मी शिकवते ते मलाच लावून पाहिलं. चाचणीत कुठलं पान वापरलं? शंभरातलं एक. म्हणजे माझं असण्याची शक्यता शंभरात एक. बरं, असलंच माझं तर काय? सम अंक आला की पूड, विषम आला की इंजेक्शन. पाकिटं बंद करून पाठवलेली. माझ्या पानात समानंतर विषम फार वेळा येतो, विषमानंतर सम. मी ते निघण्याआधी शंकाच्या कागदावर मोजलं होतं, शंभरात त्रेसष्ट वेळा, निम्म्याऐवजी. वॉर्डातल्या एखाद्या जाणत्या नर्सला महिन्याभरात हे उमगलं असतं: काल पूड निघाली, म्हणजे आज इंजेक्शन निघणार. आणि दारात फार आजारी मूल आलं, तर ती म्हणाली असती, याला सुई सोसायची नाही, उद्या घेऊ. किंवा त्यातल्या त्यात बऱ्या मुलाला आज. माया म्हणून, लबाडी म्हणून नव्हे. मग दोन गट सारखे राहिले नसते. पण तिला उमगलंच कशावरून? धरा, निम्मी शक्यता. उमगलं तरी निकाल त्यानं फिरला कशावरून? पुन्हा निम्मी. आणि भाचीचा कान इंजेक्शनानंच गेला कशावरून? पुन्हा निम्मी. शंभरात एकाचा निम्मा, त्याचा निम्मा, त्याचा निम्मा. आठशेत एक. आठशेत एक म्हणजे काहीच नाही. माणसं यापेक्षा मोठ्या शक्यता घेऊन रस्ता ओलांडतात. मी आठशेत एक, आठशेत एक म्हणत भांडी घासली. निकाल जेमतेम होता हे मला पाठ होतं, माझ्याच चौथ्या प्रकरणात आहे: इंजेक्शनाची एकशेवीसपैकी एक्याण्णव बरी, पुडीची एकशेवीसपैकी शहात्तर. आठ-दहा मुलं इकडची तिकडे झाली असती तर इंजेक्शन जिंकलं नसतं. आठशेत एक. बशी हातातून निसटली, फुटली नाही, आणि भाचीनं मान वर केली नाही.

आणि शंभरात एक हा आकडा खरा आहे की नाही, ते वहीत लिहिलेलं होतं. तेच तर भय.

कारण थोरल्या सरांनी एक शिस्त घालून दिली होती. पुस्तक वापरणाऱ्यानं डोळे मिटून ते उघडायचं, डोळे मिटूनच पेन्सिल टेकवायची, आणि जिथे टेकेल तिथून अंक घ्यायचे. मग पानवहीत नोंद करायची: पान, ओळ, स्तंभ, कशासाठी, तारीख, सही. आपल्याला आवडलं ते पान कुणी घेऊ नये म्हणून. मी स्वतः कित्येक नोंदी केल्या आहेत. पेन्सिल टेकवून डोळे उघडताना, चौसष्टावं नसू दे असं दर वेळी मनात म्हणायचे. दोनदा ते निघालं. दोन्ही वेळा मी पान पासष्ट लिहिलं. हे मला आज भांडी घासताना आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते इथेच होतं. दुसऱ्यांनी काय लिहिलं ते मात्र मी कधी बघितलं नाही. सदतीस वर्षं ती वही माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, सामानाच्या खोलीत आहे, आणि मी तो जिना टाळते. गुडघा दुखतो असं सांगते. आता खरंच दुखतो.

दुसऱ्या दिवशी कारकुनाकडून किल्ली घेतली. "बाई, तुम्ही कशाला? धूळ फार आहे. मी आणून देतो, काय हवंय?" नको, मलाच कळेल, म्हटलं. "इतिहासकार झालात बुवा तुम्ही," तो म्हणाला. जिन्याला चोवीस पायऱ्या. खोलीत मोडक्या खुर्च्या, गणनयंत्रं कापडाखाली, दाराच्या फटीतून येणारा मुलांचा आवाज. कुणीतरी कुणालातरी, अरे पळ, सुरू झालं, असं म्हणत होतं. वही मिळायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं, लागला नाही. वरच होती. मी तिला हात लावला आणि काढून घेतला. खुर्चीवर बसले, खुर्ची डुगडुगली, उठले. मी इथून परत जाऊ शकते. शुक्रवारी मजकूर जाईल, कुलगुरू गोष्ट सांगतील, लोक हसतील आणि गप्प होतील, मार्चअखेर मी निवृत्त होईन, शंका दुसरं काहीतरी मोजायला लागेल. आठशेत एक माझ्याजवळ राहील. पुष्कळ माणसांना एवढंसुद्धा मिळत नाही. हे सगळं मी व्यवस्थित मनात म्हटलं आणि म्हणता म्हणता पानं उलटत होते. वाफे, पान अकरा. दिवे, पान एकोणनव्वद. घरोघरची पाहणी, पान पासष्ट, माझी सही. इथे माझी मान आपोआप खाली गेली, कुणी बघत नसताना. त्याखाली दोन ओळी सोडून थोरल्या सरांचं अक्षर. ते अक्षर उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं, पण कधीच चुकलेलं नसे.

बालरुग्ण. इंजेक्शन व पूड. ओळ सात, स्तंभ तेवीस.

पान आधी लिहिलेलं असतं, ओळीच्या सुरुवातीला. मी डोळा मुद्दाम उजव्या बाजूनं आणला होता.

चौसष्ट.

बाहेरची मुलं वर्गात गेली असावीत, कारण शांत झालं होतं, आणि त्या शांततेत माझं रक्त ऐकू येत होतं, कानात, ठोक्याठोक्यानं. सरांनी डोळे मिटले असतील. सर खरंच मिटत. पेन्सिल टेकवली, डोळे उघडले, पान बघितलं, आणि त्यांना आठवलं असेल का, हे त्या मुलीचं, पाचवं? आठवलं असलं तरी त्यांनी बदललं नसतं. बदलणं हीच त्यांच्या लेखी लबाडी होती. माझ्यासारखं पासष्ट लिहायचं त्यांना सुचलं नसतं. शंभरात एक पुसलं गेलं. आता आठात एक. आठ म्हणजे किती थोडे. आठ माणसं एका बाकावर बसतात.

मला वाटलं होतं, कळलं की भय संपेल, दुसरं काहीतरी सुरू होईल, दुःख वगैरे. तसं झालं नाही. ते फक्त पुढे सरकलं. आजवर ते मागून येत होतं, आता समोर उभं राहिलं, आणि समोर भाची होती. कारण लिहायचं तर तिच्या हातूनच जाणार. दुसऱ्या कुणाकडे टाइप करायला देता आलं असतं. पण छापील पुस्तक तिनं वाचलंच असतं, आणि मग मी ते तिच्यापासून लपवून दुसरीकडे दिलं होतं हेही कळलं असतं. न लिहायचं तर रोज तिच्यासमोर, ओठ उघडे ठेवून, जेवायचं.

रविवारी सकाळी मी लिहिलं. 'एवढ्यावर'पासून पुढे. 'एवढ्यावर विभाग सुरू झाला.' मग सुतार, चेंडू, पोती, मामांचं 'प्पाच'. मग पाच पानांची गोष्ट, सगळी, सिनेमासकट. मग वही, ओळ सात, स्तंभ तेवीस. 'त्या निकालानंतर हे इंजेक्शन सर्वत्र देण्यात येऊ लागले. त्याने काही मुलांची श्रवणशक्ती गेल्याचे पुढे आढळले व ते बंद झाले. चाचणी सदोष होती की नाही हे आता सांगता येत नाही. ज्या पानावर ती उभी होती ते पान खोटे होते, हे सांगता येते. ते मी लिहिले.' शेवटची चार वाक्यं मी पाचदा लिहिली आणि प्रत्येक वेळी ती लहान होत गेली. कागद इतर कागदांच्या मध्ये घालून तिच्या टेबलावर ठेवले. मध्ये का घातले? आपोआप. माझे हात अजून तेच आहेत.

ती बसली. मी मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या करत राहिले. ती एकदा म्हणाली होती, टाइप करताना मी वाचत नाही, नुसतं बघते. वाचायला लागलं की चुका होतात. त्या वाक्याला मी धरून राहिले. बोटं चालली होती, सारख्या वेगानं. तिला तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती कळा जोरात दाबते. सुतार गेला असेल. मामा गेले. एकच उशीची खोळ मी उघडून पुन्हा घडी घालत होते. सिनेमाशी बोटं किंचित रेंगाळली, मग पुढे. तिथे तिच्या आईचं नाव नव्हतं, नुसतं 'बहीण' होतं. वेग पुन्हा सारखा झाला. ती बघते आहे, वाचत नाही. जाऊ दे असंच. एकदा टाइप झालं की झालं. मी मान ताणली. पडद्यावर 'स्तंभ तेवीस' दिसलं. 'सर्वत्र देण्यात येऊ' दिसलं. 'श्रवणशक्ती' पूर्ण झालं, पुढचं वाक्य पूर्ण झालं, शेवटचं झालं, पूर्णविराम पडला. मी श्वास सोडला. ती कागद पालटून पुढचा घेणार होती.

तिनं घेतला नाही. हात मांडीवर ठेवले. पाठीवरून मला काही वाचता येत नाही. तिला माझे ओठ वाचता येतात, मला तिची पाठ नाही. मग ती पडद्यावर बोट ठेवून, मागे न बघता, कामातली अडचण विचारावी तशी बोलली.

"इथे 'काही मुलांची' लिहिलंयस. काही म्हणजे किती? आकडा हवा. तू दुसऱ्यांना 'काही' लिहू देत नाहीस."

ती पाठमोरी होती. काही म्हणूनही उपयोग नव्हता.

"रुग्णालयात नोंद असेल. विचारून घे. तोवर मी जागा रिकामी ठेवते." तिनं 'काही' पुसलं. तेवढी पांढरी फट पडद्यावर उरली, आणि तिच्या कडेला ती उभी रेघ लुकलुकत राहिली. मग तिनं खुर्ची वळवली, पूर्ण, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळे कोरडे होते. तिची आई रागावली की असंच बघायची की कसं, हे आठवायला मला फुरसत नव्हती.

"आणि तो आकडा मला धरून, की सोडून?"

खोळ माझ्या हातात होती. ती तोंडावर धरता आली असती. खाली ठेवली.

"धरून," मी म्हटलं. आवाज फुटला की नाही कळलं नाही. तिला तो लागत नव्हता.